सोलापुरातल्या जुन्या घराच्या खिडक्या: कुठली बदलायची, कुठली राखायची आणि खर्च किती धरायचा

जुन्या घरात राहणाऱ्याला एप्रिल-मे महिन्यांत एकदा तरी वाटतंच, की या खिडक्या उखडून टाकाव्यात आणि समोरच्या नव्या बंगल्यासारख्या पांढऱ्या सरकत्या खिडक्या बसवून घ्याव्यात. खिडक्या विकणारेही तेच सांगतात. ऊन अडेल, धूळ थांबेल, एसीचं बिल निम्म्यावर येईल. यातलं धुळीचं बऱ्यापैकी खरं आहे, उन्हाचं अर्धवट खरं आहे आणि बिलाचं मात्र हिशेबात बसत नाही.

सोलापूरच्या हवेत खिडकीपुढचा मुख्य प्रश्न थंडीचा नाही. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन, बारीक धूळ, रात्रीच्या वाऱ्याला वाट आणि डास हे आपले प्रश्न. म्हणून सगळ्या खिडक्या एकदम बदलण्याचा विचार आधी बाजूला ठेवा. प्रत्येक खिडकीचा निर्णय वेगळा घ्या. बहुतेक जुन्या घरांत दोन-तीन खिडक्या खरोखर गेलेल्या असतात, दोन-तीन उन्हाच्या माऱ्यात असतात आणि बाकीच्यांना फक्त चांगला सुतार हवा असतो.

आपल्या खिडक्या कुठल्या काळातल्या, ते ओळखा

उत्तर कसबा, दक्षिण कसबा, शुक्रवार पेठ या भागांतली जुनी घरं दगड-मातीची किंवा दगड-चुन्याची आहेत. भिंती दीड-दोन फूट जाड, वर माळवद (मातीचं सपाट छत) किंवा नंतर टाकलेला स्लॅब. खिडकीला सागवानी चौकट, उभे गोल गज आणि लाकडी झडपा. बऱ्याच ठिकाणी झडपा वर-खाली अशा दोन भागांत असतात. खालच्या बंद ठेवून वरच्या उघडता येतात, त्यामुळे रस्त्यावरच्याला घरातलं दिसत नाही आणि हवा मात्र खेळती राहते. ही रचना आज करून घ्यायला गेलात तर खर्च ऐकून थांबाल. अशी खिडकी शाबूत असेल तर ती काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा प्रकार १९६० ते १९८०च्या दरम्यान बांधलेल्या विटा-सिमेंटच्या घरांचा. त्यांना लोखंडी पट्ट्यांच्या खिडक्या असतात आणि पातळ काच पुट्टीने बसवलेली असते. पुट्टी वाळून तडकते, काच खडखडते, खालची पट्टी गंजून फुगते आणि मग खिडकी लागतच नाही. वरवरचा गंज असेल तर खरवडून, रेड ऑक्साइड मारून, नवी पुट्टी भरून ती आणखी बरीच वर्षं चालते. खालची पट्टी पापुद्रे सुटून पोखरली असेल तर मात्र वेल्डिंगवर पैसे घालवू नका.

तिसरा प्रकार जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडकडच्या फ्लॅटमधल्या अॅल्युमिनियमच्या जुन्या सरकत्या खिडक्यांचा. सेक्शन (चौकटीच्या नळ्या) पातळ, चाकं झिजलेली, मधली लोकरी पट्टी उडालेली. इथे पूर्ण खिडकी बदलण्याआधी चाकं, लोकरी पट्टी, रबर आणि लॉक बदलून पाहा. चौकट वाकलेली नसेल तर काही शे रुपयांत खिडकी पुन्हा सुरळीत सरकते.

एका सुट्टीच्या दिवशी करायची तपासणी

हातात वही, स्क्रू ड्रायव्हर, टेप आणि ओळंबा घ्या. खिडक्यांना नंबर द्या आणि दिशा लिहा.

पहिली परीक्षा लाकडाची. चौकटीचा खालचा आडवा तुकडा आणि दोन्ही उभ्यांचे तळाकडचे सहा इंच, इथेच सगळं ठरतं. वरून ऑइल पेंट अगदी गुळगुळीत दिसतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवून जरा दाबा. चांगलं सागवान टोकाला दाद देत नाही, नुसता ओरखडा उठतो. वाळवी लागलेलं असेल तर आधी रंगाचा पातळ पापुद्रा कर्रकन फुटतो आणि टोक इंचभर आत जातं. बाहेर काढलं की भोकातून कोरडी माती भुरभुरते. वाळवी लाकूड आतून खाते, रंगाला हात लावत नाही. त्यामुळे नुसतं बघून चौकट चांगली आहे असं कधीच म्हणू नका. नुसता खालचा तुकडा गेला असेल तर कुशल सुतार तेवढाच कापून नवा सांधतो. दोन्ही उभे कंबरेपर्यंत पोकळ असतील तर ती खिडकी बदलायच्या यादीत टाका. आणि नवी बसवण्याआधी भिंतीत वाळवीचं औषध करून घ्या. लाकूड काढलं म्हणून भिंतीतली वाळवी जात नाही.

दुसरी परीक्षा कागदाची. झडप लावताना वहीचा कागद मध्ये धरा आणि मग ओढा. सहज निसटला तर तिथून धूळ येते. चारही बाजूंनी करून बघा. बहुतेकदा फट एकाच कोपऱ्यात असते आणि तिचं कारण सैल झालेली बिजागरी असते.

तिसरी, पावसाच्या खुणा. खिडकीखालचा गिलावा फुगलाय का, खारवलाय का? सोलापूरला वर्षभराचा पाऊस कमी, पण सप्टेंबरमधला आडवा पाऊस जोरकस असतो. पाणी खिडकीतून येत असेल असं गृहीत धरू नका. पुष्कळदा ते छज्जाच्या मुळाशी पडलेल्या भेगेतून येतं, आणि मग नवी खिडकी बसवूनही ओल तशीच राहते.

चौथी उन्हाची. उन्हाळ्यात दुपारी चारनंतर प्रत्येक खिडकीच्या आतून काचेवर तळहात ठेवा आणि जमिनीवर ऊन कुठपर्यंत आलंय ते खडूने आखा. पुढचा सगळा हिशेब या खुणांवर चालतो.

उन्हाचा हिशेब

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, आणि मग जुलैअखेरीपर्यंत तो दुपारी थोडा उत्तरेकडेच असतो. याचा अर्थ कडक उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो. उत्तरेच्या खिडकीला सकाळ-संध्याकाळी थोडं तिरकस ऊन लागतं, बाकी ती निवांत असते. पूर्वेला सकाळी ऊन लागतं, पण तेव्हा हवा आणि भिंती गार असतात.

घर तापवते ती पश्चिमेची खिडकी. मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून साधारण २५ अंशांवर असतो. दोन फूट रुंद छज्जा त्या वेळी खिडकीवर जेमतेम एक फूट सावली टाकतो. चार फुटी खिडकीतली उरलेली तीन फूट काच उन्हात उघडी. छज्जा आणखी फूटभर वाढवूनही फारसा उपयोग नाही, कारण ऊन वरून येतच नाही, समोरून येतं.

आता आकडे. चार फूट बाय चार फूट खिडकी म्हणजे दीड चौरस मीटर. पश्चिमेच्या उभ्या काचेवर त्या वेळी दर चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास ऊन पडतं. साधी पारदर्शक काच त्यातली ८० टक्क्यांच्या जवळपास उष्णता आत सोडते. म्हणजे एका खिडकीतून सुमारे ७०० वॅट. खोलीत छोटी इस्त्री चालू ठेवून बसल्यासारखंच हे. एक टनाचा एसी साधारण ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो, त्यातला पाचवा हिस्सा ही एकटी खिडकी खाते.

त्याच खिडकीला चांगली सोलर कंट्रोल काच (उन्हाची उष्णता अडवणारी खास काच) लावली तर आत येणारी उष्णता ३०० वॅटच्या आसपास उतरते. साध्या काचेला बाहेरून दाट चिक (बांबूच्या काड्यांचा पडदा) किंवा झडप लावली तर दीडशेच्या आसपास. आणि दोन साध्या पारदर्शक काचांची डबल ग्लेझिंग खिडकी? उन्हाच्या बाबतीत ती फारच थोडा फरक करते, कारण ऊन दोन्ही पारदर्शक काचांतून आरपार जातं. डबल काचेचा फायदा हवेच्या तापमानातल्या फरकापुरता असतो. बाहेर ४२ आणि आत २८ अंश धरले तर साध्या काचेतून या मार्गाने सव्वाशे वॅटच्या आसपास येतात, डबल काचेतून त्याच्या निम्मे. वाचले साठ. थंड देशांत डबल काचेला मान आहे तो उगाच नाही, पण आपल्याकडे नुसती डबल काच घ्यायची आणि सावलीचा विचार करायचा नाही, हा उलटा क्रम झाला.

आतून पडदा लावून उष्णता अडत नाही का, असं पुष्कळ जण विचारतात. आतून जाड सोलापुरी चादर टांगली तरी ऊन काच ओलांडून खोलीत आलेलंच असतं. चादर तापते आणि ती उष्णता खोलीतच सोडते. डोळ्यांवरची तिरीप जाते, घाम जात नाही. सावली करायची ती काचेच्या बाहेर. बांबूची चिक, वाळ्याचा पडदा, शेतीच्या दुकानातली दाट शेडनेट, किंवा उभ्या पट्ट्यांची लोखंडी चौकट, काहीही चालेल. भिंतीपासून चार-सहा इंच अंतर सोडा म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाईल.

कूलर की एसी, हे आधी ठरवा

हा प्रश्न खिडक्यांचं दुकान गाठण्याआधीचा आहे. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो, पण तो आत ढकललेली हवा बाहेर जायला वाट मागतो. समोरची खिडकी उघडी नसेल तर तासाभरात खोली दमट आणि चिकट होते. कूलरच्या घरात सगळ्या खिडक्या घट्ट बंद होणाऱ्या करून घेतल्या तर पैसे देऊन त्रास विकत घेतल्यासारखं होतं. शिवाय सरकत्या खिडकीच्या ट्रॅकवर आणि पक्क्या ग्रिलच्या मागे खिडकीतला कूलर बसत नाही. अशा घरात एका खिडकीचं ग्रिल उघडणारं ठेवा किंवा कूलरच्या मापाची चौकट त्यातच काढून घ्या.

एसीची खोली मात्र घट्ट हवी. तिथे रबर गॅस्केटवर दाबून बसणारी उघडझाप झडप सरकत्या खिडकीपेक्षा केव्हाही चांगली. घरात एकाच खोलीत एसी असेल तर महागडी खिडकी फक्त त्या खोलीला घ्या.

बिलात किती वाचतं

वरच्याच पश्चिमेच्या खिडकीचा हिशेब करू. सोलर कंट्रोल काचेची नवी खिडकी बसवून उष्णता ४०० वॅटने घटली. एसी त्यासाठी साधारण एक तृतीयांश वीज खातो, म्हणजे १३० वॅट. दिवसाला ऊन चार तास, उन्हाळ्याचे दिवस ९० धरले तर हंगामात ४७ युनिट वाचले. युनिटला १० रुपये धरा, ४७० रुपये झाले. त्या १६ चौरस फुटांच्या खिडकीला ९०० रुपये दराने आणि १८ टक्के जीएसटीसह १७,००० रुपये लागतात. नुसत्या विजेतून ते वसूल व्हायला छत्तीस वर्षं.

बाहेरची चिक दोन-अडीच हजारांत होते आणि हंगामाला ६५ युनिट वाचवते. तिचे पैसे चार वर्षांत परत. चिक तोवर टिकायला हवी हे खरं, पण तोपर्यंत खोली गार राहिली हेही खरं.

म्हणून खिडकी बदलायची तर बिलासाठी बदलू नका. तिचे खरे फायदे वेगळे आहेत. पूर्व भागात यंत्रमागाशेजारी राहणाऱ्याला घट्ट बसणाऱ्या झडपेमुळे आवाज कमी येतो. तिथे जाड लॅमिनेटेड काच घ्या, साध्या काचेपेक्षा ती आवाज जास्त अडवते. अक्कलकोट रोडसारख्या वाहत्या रस्त्यावरच्या घरात रोजची धूळ कमी होते आणि दम्याच्या माणसाला त्याचा आधार वाटतो. झडप एका हाताने उघडता येते, हे म्हाताऱ्या माणसांसाठी फार मोठं आहे. आणि रात्री जाळीसकट खिडकी उघडी टाकून झोपता येतं. उन्हाळ्यात सकाळी नवाच्या आत खिडक्या बंद, अंधार पडल्यावर सगळ्या उघड्या, हा जुना शिरस्ता आजही चालतो. जाड दगडी भिंत रात्री गार झाली तर दुपारपर्यंत साथ देते. पण डासांमुळे रात्री खिडकी बंद ठेवावी लागत असेल तर त्या भिंतीचा उपयोगच होत नाही. माझ्या मते जुन्या घरातला सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च म्हणजे प्रत्येक खिडकीला चांगली स्टीलची जाळी.

दुरुस्तीचं काम कसं करून घ्यायचं

सुताराला सांगायचं काम असं: बिजागऱ्या काढून जुन्या भोकांत लाकडी खुंट्या ठोकायच्या आणि लांब स्क्रूने पुन्हा बसवायच्या, घासणारी कड रंधून घ्यायची, फटीच्या बाजूने रबर पट्टी, सडलेला तुकडा सांधायचा, आतल्या बाजूने उघडणारी किंवा चुंबकावर बसणारी जाळीची चौकट. एका खिडकीला मजुरी-सामानासह साधारण ३,००० रुपये धरा, जाळीचे वेगळे १,२००.

जुना रंग काढताना एक काळजी फार गरजेची आहे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटच्या थरांत शिसं असण्याची दाट शक्यता असते, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. कोरडा पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर चालवू देऊ नका, ज्योतीने रंग जाळूही देऊ नका. पाणी मारून ओलंच घासायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, मास्क लावायचा. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर त्या दिवसांत त्यांना दुसरीकडे पाठवा. झाल्यावर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

बदलायचीच असेल तर काय घ्यायचं

पावडर कोटेड अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचा दर चौरस फुटाला साधारण ३५० ते ६०० रुपये. यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) सरकती ४५० ते ८००, उघडझाप झडपेची ६०० ते १,१००. सागवानी नवी करायची तर दीड हजाराच्या पुढेच. सोलर कंट्रोल किंवा डबल काच, जाळी आणि ग्रिल यांनी हे दर चढतात. धातूचा भाव हलला की कोटेशनही हलतं, म्हणून किमान तीन ठिकाणी विचारा.

अॅल्युमिनियम उन्हात तापतं पण खराब होत नाही, आणि स्थानिक कारागीर त्याची दुरुस्ती सहज करतो. यूपीव्हीसी उष्णता कमी वाहून नेते आणि घट्ट बसते, पण आपल्या उन्हात हलकं यूपीव्हीसी पिवळं पडतं, ठिसूळ होतं. विकत घेताना दुकानात कापलेला तुकडा हातात मागा. त्या नळीच्या पत्र्याची जाडी दोन मिलिमीटरच्या वर आहे का आणि आत गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची पट्टी आहे का, ते डोळ्यांनी पाहा. नुसती पोकळ नळी दिसली तर तिथून उठा. लांब झडप लोखंडी पट्टीशिवाय उन्हात वाकते. तपकिरी किंवा गडद रंगाची खिडकी पश्चिमेला घेऊ नका, ती पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त तापते.

सरकती की उघडझाप, यात आणखी एक हिशेब आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या २०१८च्या इको निवास संहितेत उष्ण-कोरड्या हवामानातल्या नव्या घरांसाठी उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र जमिनीच्या किमान १० टक्के धरलं आहे. जुन्या घराला ही सक्ती नाही, पण माप कामाचं आहे. दहा बाय बाराच्या खोलीला १२ चौरस फूट उघडं हवं. चार बाय चारची दोन ट्रॅकची सरकती खिडकी उघडते निम्मीच, म्हणजे आठ चौरस फुटांपेक्षा कमी. तीच झडपेची असेल तर जवळजवळ पूर्ण उघडते. जुनी लाकडी झडप काढून सरकती बसवली की खोली कोंदट वाटायला लागते, त्याचं कारण हे.

ग्रिल करताना निदान एका खिडकीचं ग्रिल आतून उघडणारं ठेवा आणि किल्ली हाताशी टांगा. आगीच्या वेळी दुसरी वाट नसते.

माप आणि कोटेशन

जुन्या घरात कुठलाही कोपरा काटकोनात नसतो. रुंदी वर, मध्ये आणि खाली घ्या, उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. शिवाय दोन्ही कर्ण. कर्णांत चार-पाच सुतांपेक्षा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त फरक असेल तर गवंड्याकडून कडा सरळ करून घेतल्यावरच खिडकीची ऑर्डर द्या. सगळ्यात लहान माप धरायचं आणि प्रत्येक बाजूला पाच ते दहा मिलिमीटर फट सोडायची. माप फॅब्रिकेटरने स्वतः येऊन घ्यावं आणि कागदावर सही करावी.

कोटेशनमध्ये या गोष्टी लिहून मागा: प्रोफाइलची (चौकटीच्या नळीची) कंपनी आणि सिरीज, जाडी, आतलं लोखंड, काचेची जाडी आणि प्रकार, हँडल आणि बिजागरी कुठली, जाळी कसली, जुनी खिडकी काढण्याची मजुरी, गिलावा आणि रंग, वाहतूक, जीएसटी. माप पुढच्या तीन किंवा सहा इंचांना धरून बिल लावायची पद्धत आहे, तेही आधीच विचारून घ्या. ३ फूट १ इंचाची खिडकी साडेतीन फुटाच्या भावाने पडू शकते.

भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी संमती, फ्लॅट असेल तर सोसायटीची. आहे त्या जागी त्याच मापाची खिडकी बसवणं वेगळं आणि भिंत फोडून ती मोठी करणं वेगळं. दुसऱ्यासाठी इंजिनिअर आणि महापालिकेचा बांधकाम परवानगी विभाग, दोघांना विचारल्याशिवाय पहार उचलू नका.

काढणं आणि बसवणं

दगड-मातीच्या घरात सगळ्यात धोक्याचं काम हेच. खिडकीवरचा भार खरं तर वरच्या लाकडी तुळईने किंवा दगडी पाटाने पेलायचा असतो. पण वर्षानुवर्षं घर खचत जातं, तुळई मधोमध वाकते आणि भार गुपचूप चौकटीवर येऊन बसतो. ओळखायचं कसं? चौकटीचा वरचा तुकडा खाली झुकलेला, झडप वरच्या बाजूला घासते, आणि खिडकीच्या कोपऱ्यांतून वर तिरप्या भेगा गेलेल्या. अशी चौकट सरळ ओढून काढली तर वरची माती-दगड कोसळतात. आधी दोन्ही बाजूंनी लोखंडी जॅक आणि आडव्या फळीचे टेकू, मग नवी लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई), मगच चौकट. एकाच दिवशी एका भिंतीतल्या दोन खिडक्या कधीच काढू देऊ नका.

जुनी सागवानी चौकट मजबूत असेल पण झडपा गेल्या असतील, तर चौकट तशीच ठेवून तिच्या आत नवी खिडकी बसवता येते. दोन-तीन इंच उजेड कमी होतो, पण फोडाफोडी वाचते आणि भिंतीला धक्का लागत नाही. मातीच्या भिंतीसाठी मला हाच मार्ग बरा वाटतो. मातीत फास्टनर धरत नाही. नवी चौकटच घालायची तर होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) काँक्रीटमध्ये घट्ट बसवून घ्या आणि काँक्रीट पक्कं व्हायला पुरेसे दिवस द्या.

बसवताना ओळंबा आणि लेव्हल समोर उभं राहून बघा. चौकट आणि भिंतीच्या मधली फट फोमने भरायची, वरून बाहेरच्या बाजूने वेदरप्रूफ सिलिकॉन. नुसतं सिमेंट थापू देऊ नका. खिडकी उन्हात फुगते-आकसते आणि सिमेंटला पहिल्याच उन्हाळ्यात केसासारखी भेग पडते. बाहेरच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूने उतार हवा. खालच्या ट्रॅकला पाणी जाणारी भोकं बाहेरच्या अंगाला असतात, ती सिलिकॉनने बुजलेली नाहीत ना ते बघा. प्रोफाइलवरची संरक्षक टेप काम संपलं की लगेच सोलून टाका. आपल्या उन्हात ती महिन्या-दोन महिन्यांत अशी चिकटते की नंतर नखांनी निघत नाही.

कामाचा मुहूर्त दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंतचा. ऊन चढल्यावर सगळ्यांनाच खिडक्या आठवतात आणि कारागीर मिळत नाहीत.

एका घराचा खर्च मांडून

समजा कसब्यातल्या जुन्या घराला तीन बाय चारच्या सात खिडक्या आहेत, एकूण ८४ चौरस फूट. सगळ्या बदलून जाळीसह यूपीव्हीसी सरकत्या ७५० दराने घेतल्या तर ६३,००० रुपये, जीएसटी ११,३४०, आणि गवंडीकाम खिडकीमागे १,५०० धरून १०,५००. एकूण ८५,०००च्या घरात.

आता वहीतल्या तपासणीप्रमाणे. दोन खिडक्या वाळवीने गेल्या, त्या झडपेच्या नव्या ९०० दराने घेतल्या: २१,६००, जीएसटी ३,८८८, गवंडीकाम ३,०००. बाकीच्या पाच दुरुस्त, १५,०००. त्यांना जाळ्या ६,०००. पश्चिमेच्या दोन खिडक्यांना बाहेरून चिक, ५,०००. एकूण साडेचोपन्न हजार. तीस हजार वाचले आणि घर पहिल्या पर्यायापेक्षा गारही राहिलं. यात काढलेल्या सागवानाची किंमत धरलेलीच नाही. जुन्या लाकडाच्या दुकानात शाबूत सागवानी झडपा आणि गजाला चांगली किंमत येते. मजूर "आम्हीच घेऊन जातो" म्हणाले तर आधी भाव काढा. जागा असेल तर विकूही नका. पुढे उरलेल्या पाचांपैकी एखादीचा तुकडा सांधायला त्याच वयाचं, पूर्ण मुरलेलं लाकूड बाजारात शोधून सापडत नाही.

पैसे देताना निम्मे आगाऊ, बसवल्यावर बाकीचे, पण दहावा हिस्सा हातात ठेवायचा आणि तसं कोटेशनवरच लिहून घ्यायचं. काम झाल्यावर बाहेरून नळीने दहा मिनिटं पाणी मारून आतला कोपरा हाताने चाचपून बघा. कागदाची परीक्षा पुन्हा करा. झडप अर्धी उघडून सोडा; ती आपोआप उघडायला किंवा मिटायला लागली तर चौकट ओळंब्यात नाही, तेव्हाच परत बोलवा. राखून ठेवलेली रक्कम पहिला मोठा आडवा पाऊस होऊन गेल्यावर, खिडकीखालची भिंत कोरडी राहिली तरच चुकती करा.